दहा सेकंदांचे ठिपके

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला सगळी पोरं काचकाका म्हणत. वीस वर्षं त्यांच्या तोंडी एकच मंत्र होता, "काच जपा रे!" त्या दिवशी मात्र त्यांचं चित्त काचेवर नव्हतं. आदल्या संध्याकाळी लेकीच्या कंपासपेटीत गोळ्यांची पट्टी सापडली होती. लेक याच शाळेत, नववीत. विचारलं तर फणकारली, "बाबा, हे काय ड्रग्ज आहेत का? जागं राहायच्या गोळ्या आहेत. परीक्षेला सगळेच घेतात." आईनं पट्टी काढून घेतली, लेकीनं दार आपटलं. आणखी एखादी पट्टी कुठे दडवली असेल, या काळजीनं काकांना घास गोड लागला नाही.

नेमकं त्याच दिवशी नववीच्या वर्गासाठी नशेच्या धोक्यांवर डॉक्टरांचं व्याख्यान होतं आणि डॉक्टर आलेच नाहीत. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "काका, तासभर काहीतरी दाखवा, नाहीतर ही कार्टी वर्ग डोक्यावर घेतील."

भाषण काकांनी सकाळीच रचलं होतं, चांगलं झणझणीत. पण पहिल्या बाकावर लेकीचा फुगलेला चेहरा दिसला आणि त्यांनी ते भाषण बाजूला ठेवलं. मग त्यांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीतली एक पाणपिसू, म्हणजे पाण्यात उड्या मारणारा एक बारीक जीव, थेंबभर पाण्यासकट काचपट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र पडद्यावर सोडलं.

पोरं बाकांवरून पुढे वाकली. मोहरीच्या दाण्याएवढा जीव, पण अंग आरपार. आतडं दिसत होतं, पोटातली अंडी दिसत होती आणि पाठीकडे एक इवलंसं काळीज लुकलुकत होतं.

"अरे बापरे," मागून कोणीतरी पुटपुटलं, "हिला काहीच लपवता येणार नाही!"

काकांनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं, तरी अंगावर काटा आला. एवढ्याशा जिवाला कोणी शिकवलं असेल हे असं न थकता धडधडणं?

ठोके इतके भरभर की तोंडानं मोजणं अशक्य. त्यासाठी काकांची जुनी रीत होती: प्रत्येक ठोक्याला कागदावर पेन्सिलीचा एक ठिपका, दहा सेकंद, मग ठिपके मोजायचे. वर्गात सर्वात चपळ हात लेकीचा. तिनं नाइलाजानं पेन्सिल घेतली. बत्तीस ठिपके झाले, सरळ ओळीत.

मग काकांनी खिशातून छोटी बाटली काढली; आदल्या रात्री काढून घेतलेल्या पट्टीतली एक गोळी त्यांनी सकाळीच तिच्यात विरघळवून ठेवली होती. "जागं राहायच्या गोळीचं पाणी आहे हे. माणूस म्हणजे पाणपिसू नव्हे, हिचं जे होईल तेच आपलं होईल असं मी म्हणणार नाही. नुसतं बघा."

एक थेंब टाकला. थोड्या वेळानं लेकीची पेन्सिल टकटक धावू लागली, ठिपक्यांवर ठिपके चढले, हात मागे पडला. आणि अचानक पेन्सिल अधांतरी थांबली. पडद्यावरचं काळीज थबकलं होतं. पुन्हा दोनदा फडफडलं. पुन्हा थबकलं.

"पाणी बदला ना!" लेक ओरडली. काकांनी लगबगीनं थेंब टिपला, टाकीतलं ताजं पाणी सोडलं. चाळीस पोरं श्वास रोखून त्या लुकलुकीकडे बघत राहिली. काळीज सुरू झालं, पण ठेचकाळत.

तास संपला. पोरं हळू आवाजात बोलत बाहेर गेली. लेक मात्र बाकावरच बसून होती. कागद तिनं उलटा केला, पेन्सिल बापापुढे सरकवली आणि मनगट टेबलावर ठेवलं.

"बाबा, माझे मोजा. सकाळी दोन घेतल्यात."

भाषण कुठल्या कुठे गेलं. काकांनी नाडीवर बोटं ठेवली, नजर घड्याळावर लावली. दुसऱ्या हातानं ठिपके पडत गेले आणि एरवी बारा-तेरा व्हायचे तिथे दहा सेकंदांत एकवीस झाले. एवढी वर्षं दुसऱ्या जिवांची काळजं न्याहाळली आणि घरातल्या काळजावर कधी बोटही ठेवलं नाही, याचं त्यांना रडू आलं.

"चल, आधी डॉक्टरकडे," ते म्हणाले, आणि तिचं मनगट न सोडताच उठले.