प्रेगोचा सराव

"मान खाली. हां, आता म्हण."

धनाजीरावांनी तिसऱ्यांदा रिकामा ग्लास योगिनीच्या हातात देत 'ग्रात्सिए', म्हणजे आभार, म्हटलं. म्हाताऱ्यांच्या सेवेसाठी मुलींना इटलीत पाठवायची त्यांची एजन्सी निजामपुऱ्यात होती. आज सरावाचा शेवटचा दिवस, आणि म्हातारा ते स्वतःच झाले होते.

"प्रेगो," योगिनी म्हणाली.

भिंतीशी उभ्या कांचननं त्या बंद खोलीतल्या तंबाखूच्या माव्याच्या आंबूस वासानं नाकाशी रुमाल धरला होता. सहा महिन्यांच्या इराला सासूबाईंजवळ ठेवून दुपारचे दोन तास ती मुलींना इटालियन शिकवायला येई. प्रेगो तिचा लाडका शब्द. कुणी आभार मानले की म्हणायचा, दार धरून 'आधी तुम्ही' सुचवताना म्हणायचा, नीट ऐकू आलं नाही तर विचारायचा, आल्यागेल्याला 'या, बसा' म्हणतानाही हाच. इराला पेज भरवावी तसं तिनं हे सगळं योगिनीला थोडं थोडं करून शिकवलं होतं. धनाजीरावांनी योगिनीची वही पाहिली आणि त्यातल्या सगळ्या ओळींवर काट मारायला लावली, आभारांची एक सोडून. आपल्या मुली तिथं पाहुण्या म्हणून जात नाहीत, बेन, असं वर ऐकवलंही होतं.

आता त्यांनी तोंडात बोट घालून चघळलेला मावा बाहेर ओढला आणि योगिनीच्या तळहातावर ठेवला. तपकिरी लाळेची तार लोंबत राहिली.

"म्हातारी माणसं याहून घाण करतात. सवय पाहिजे. ग्रात्सिए."

कांचन एक पाऊल पुढे आली. पण योगिनीच्या कागदावर अजून त्यांची सही व्हायची होती आणि दोन वर्षं जिची वाट पाहिली ती नोकरी त्या सहीवर अडली होती. योगिनीनं नजर उचलून कांचनकडे पाहिलं. बोलू नका, एवढंच त्या नजरेत होतं. कांचन पुन्हा भिंतीशी सरली.

"प्रेगो," योगिनी म्हणाली. मान खाली.

सही झाली.

जिन्यात आल्यावर योगिनीनं उजवी मूठ कचऱ्याच्या डब्यात झटकली, तळहात भिंतीला घासला.

"ताई, उच्चार बरोबर आला ना?"

"आला गं." कांचनला आपल्याच तोंडाची किळस आली.

खाली योगिनीचे वडील स्कूटर घेऊन थांबले होते. निघण्यापूर्वी ती नमस्काराला वाकली. उजवा हात तिनं ओढणीला लागू नये असा मागे लांब धरला, आणि डाव्या हातानंच कांचनचे पाय शिवले.