छावणीतला भुंगेरा

एकोणीस सालच्या दुष्काळात आष्टीच्या पुढं तेरा किलोमीटरवर गावच्या दूध संस्थेनं चारा छावणी काढली. छबुबाई दोन गाई आणि एक कालवड घेऊन तिथं गेली ती पाल ठोकून राहिलीच. नवरा सुंदरराव घर राखायला मागं. मुलगा बंकट चाकणला कंपनीत. त्याची बायको मनकर्णा आष्टीच्या कॉलेजात शिकवायची. आठवडाभर तिथल्या खोलीत आणि शनिवारी दुपारी स्कूटीवर छावणीत, सासूजवळ. येताना कधी खारी, कधी गुडघ्याला लावायचं मलम, काहीतरी पिशवीत असायचंच.

पोरगी गुणाची होती. धारा काढायला बसली तर गाय पाय उचलत नसे. एकच गोष्ट छबुबाईला जड जायची. सुनेनं पीएचडीला किडे घेतले होते. तेही मुंग्यांच्या घरात राहणारे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मनकर्णा आली, भाकरी खाल्ली आणि सरळ पाण्याच्या टाकीकडं गेली. टाकी गळत होती. खालच्या विटांशी ओल धरलेली, आणि गव्हाणीतून सांडलेली पेंड शेजारीच. सगळं रान करपलेलं असताना मुंग्यांनी तिथं घर केलं होतं. मनकर्णा तिथं पालथी पडली आणि एका डोळ्याला भिंग लावून बिळात बघत राहिली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. पदराची शुद्ध नाही, केसांत माती.

शेजारच्या पालातली रुक्मिणीबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "छबे, तुझी सून कावून मातीत लोळती?"

पाच-सहा जणी थांबल्या. छबुबाईला घाम फुटला. मुंग्या बघतीय म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत छावणीभर हसू. तिच्या तोंडून निघून गेलं, "अंगठी पडली तिची."

"अगं बया! सोन्याची?"

"मग काय पितळंची?"

झालं. नेमकं तेव्हाच मनकर्णा किडे ठेवायच्या डब्या आणायला स्कूटीकडं गेली. पाचव्या मिनिटाला संस्थेचे चेअरमन मोहनराव यांनी भोंग्यावरून पुकारलं, "छबुबाईंच्या सूनबाईंची सोन्याची अंगठी टाकीजवळ पडलेली हाय, कुणाला घावली तर ऑफिसात आणून द्यावी." भोंग्यावर पुन्हा अभंग सुरू झाले, आणि वीस-पंचवीस माणसं टाकीकडं धावली. कुणी विटा उलथल्या, कुणी काठीनं ओली माती उकरली. आसाराम टँकरवाल्यानं तर फावडंच आणलं.

मनकर्णा डब्या घेऊन परत आली तेव्हा मुंग्यांचं घर पार विस्कटून गेलं होतं. पांढरी अंडी तोंडात धरून मुंग्या सैरावैरा पळत होत्या. "तुमची अंगठी बघतोय, मॅडम," आसाराम म्हणाला. मनकर्णानं आपल्या बोटाकडं पाहिलं. अंगठी बोटातच होती. मग तिनं सासूकडं पाहिलं आणि डब्या पिशवीत ठेवायला लागली.

भांडली असती तर छबुबाईला सोपं गेलं असतं.

"मनकर्णा, मी बोलले त्यांना. अंगठीचं."

"असू द्या, आत्या."

"लोक हसत्याल म्हणून बोलले."

"असू द्या म्हणलं ना. तीन आठवडे नजर ठेवून होते या घरावर. बघू, दुसरीकडं सापडंल."

छबुबाई तशीच वळली आणि टाकीजवळच्या गर्दीत शिरली. "हटा समदे!" ती ओरडली. "अंगठी न्हाई पडली. मी खोटं बोलले. माझी सून मुंग्यांची मास्तरीण हाय, ती मुंग्या बघत होती, आन तुमी तिचं काम तुडवलं. म्हंजी मीच तुडवलं. आता हसायचं तर हसा, पर पाय बघून उचला, खाली जीव हायेत."

कुणी हसलं नाही. आसारामनं फावडं हळूच खांद्यावर घेतलं. माणसं एकेक करून पाय बघत बघत मागं सरली.

छबुबाई तिथंच उकिडवी बसली. माहेरी तिनं बारा वर्षं शेरडं राखली होती, आणि रानात दिवसभर बघायला दुसरं असतं काय? मुंगी घर सोडते तेव्हा उगाच पळत नाही, तिला जागा ठाऊक असते, हे तिनं लहानपणीच पाहिलेलं. थोड्या वेळानं गोंधळ निवला. टाकीपासून गव्हाणीच्या दगडाकडं एक बारीक ओळ लागली. अंडी निघाली, पिल्लं निघाली, मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या कडेनं चालू लागल्या. छबुबाई ओळीबरोबर बसल्या बसल्या सरकत होती. ऊन तिच्या पाठीवरून खांद्यावर आलं.

आणि मग तिला दिसलं. तीन-चार मुंग्या मिळून काहीतरी ओढत होत्या. ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं, तांबूस, चकचकीत. त्याला मिशा होत्या, पण मिशा कसल्या, चपट्या पळ्याच. मुंग्यांनी त्या पळीलाच धरलं होतं, आणि तोही आढेवेढे न घेता त्यांच्यामागं चालला होता.

"मनकर्णे! पळ्यांच्या मिशांचा कोण हाय गं हा?"

मनकर्णा हातातलं टाकून धावली. तेवढ्यात दगडाची फट जवळ आली होती. आता हा आत जाईल म्हणून छबुबाईनं त्याला चिमटीत उचललं. फुस्स झालं. बोट चरचरलं.

"अगं आई! चावला मेला!"

"सोडू नका, आत्या! चावत नाही, मागून फवारा मारतो!"

"सोडत न्हाई, तू डबी आण आदी!"

भुंगेरा डबीत पडला, मागून माती आणि दहा-पंधरा मुंग्याही. छबुबाईचं बोट तपकिरी झालं होतं. मनकर्णा ते बोट धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. "हाच, आत्या. हाच हवा होता मला."

पालात बसून तिनं डबीला बटणाएवढा माइक चिकटवला, वायर एका यंत्राला जोडली आणि कानाला हेडफोन लावला. लगेच कपाळाला आठी पडली. टाकीत पाणी चढवायचं जनरेटर धडधडत होतं, भोंग्यावर अभंग चालले होते.

"काहीच कळत नाही. इतका बारीक आवाज असतो."

"कुणाचा आवाज?"

"या भुंगेऱ्याचा. त्याला गळा नाही. मागच्या मांडीच्या मुळाशी बारीक रेघा असतात, त्या पोटाच्या कडेला घासतो. कानस घासावी तशा. परदेशात लोकांनी ऐकलंय, याच्या जातीतला एक मुंग्यांच्या राणीसारखा आवाज काढतो. मग मुंग्या त्याला राणीसारखं जपतात, चाटतात. आपल्याकडचा काय करतो, ते बघायचंय."

छबुबाई चप्पल घालून ऑफिसात गेली. मोहनराव चहा पीत होते.

"चेअरमन, भोंगा आन जनरेटर पंधरा मिनिटं बंद करा."

"काकू, आता काय पडलं?"

"काही न्हाई पडलं. एक जण बोलतोय, ते ऐकायचंय."

मोहनरावांनी छबुबाईकडं पाहिलं, तिच्या तपकिरी बोटाकडं पाहिलं. त्यांच्या संस्थेला पहिल्या दिवसापासून दूध घालणारी बाई होती ही, आणि आजवर तिनं कधी काही मागितलं नव्हतं. "पंधरा मिनिटं हां, काकू. जनावरं पाण्याला आल्यात." त्यांनी उठून स्वतः खटका दाबला. मग काय चाललंय ते बघायला मागोमाग आलेच.

छावणी एकदम शांत झाली. दूर एक गाय हंबरली, रुक्मिणीबाईनं तिच्या तोंडापुढं चाऱ्याची पेंढी टाकली. मनकर्णा डोळे मिटून बसली होती. हळूहळू तिचा चेहरा असा काही मऊ झाला की छबुबाईला लग्नाच्या दिवशीची ती आठवली. मग तिनं हेडफोन काढून सासूच्या कानांवर चढवला.

आधी नुसती खरखर. मग त्यातून आलं: कंगव्याच्या दातांवरून कुणी नख फिरवावं तसं. थांबायचं, पुन्हा यायचं. डबीत मुंग्या त्या भुंगेऱ्याच्या अंगावर चढून त्याला चाटत होत्या. वासरू चाटल्यासारखं.

"लई गोड बोलतोय गं," छबुबाई हेडफोनमुळं मोठ्यानं म्हणाली. "खातो काय हा?"

"त्यांचीच पिल्लं."

छबुबाईनं झटकन हेडफोन काढला. "आन त्या याला जपत्यात?"

"हो."

"लबाड मेला!" ती डबीवर वाकली आणि त्या त्याला कशा चाटतायत ते बघायला लागली. मग म्हणाली, "पर त्याला तरी दुसरं घर कुठं हाय? ऱ्हाऊ दे. मारू नको त्याला."

"नाही मारणार. आवाज भरून घेते, आणि उद्या दगडाखाली सोडते."

मोहनरावांनीही ऐकलं, मग रुक्मिणीबाईनं, मग आसारामनं. पंधराची पंचवीस मिनिटं झाली तेव्हा कुठं जनरेटर सुरू झालं.

ऊन कललं तसं मनकर्णानं वही काढली. नोंदीसाठी कागदाची बारीक पट्टी घेतली आणि टोकदार पेनानं लिहिलं: गावाचं नाव, तारीख, चारा छावणी, गव्हाणीच्या दगडाजवळ. खाली लिहिलं: शोधणारी, छबुबाई सुंदरराव. पट्टी तिनं सासूपुढं धरली.

छबुबाई चौथीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर लावत तिनं वाचलं.

"माझं नाव कावून गं?"

"सापडला कुणाला?"

छबुबाईनं पट्टी पुन्हा वाचली. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं, तरी तिनं एका शब्दावर बोट ठेवलं. "ह्यांचं नाव कशाला घातलंस? ते घरी झोपलेत. उन्हात मी बसले."

मनकर्णा खळखळून हसली आणि दुसरी पट्टी कापायला लागली.