भेगेच्या खालच्या काठावरून

मी एक खुंटी. ऐनाच्या लाकडाची, वीतभर उंचीची. पोलादपूरच्या डोंगरात आमच्या वाडीच्या वर जमिनीला भेग पडली, तेव्हा मालोजीनं कोयत्यानं तासून मला भेगेच्या खालच्या काठावर ठोकलं. वरच्या काठावर माझी जोडीदारीण. दोघींमध्ये सुतळी. डोंगर सरकला की सुतळी ताणणार, एवढं साधं काम होतं आमचं.

मालोजीची नात अक्षदा रोज सकाळी आमचा फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकायची. मुंबईला कामाला असलेली अर्धी वाडी तो बघून कळवायची, "कालच्यासारखंच आहे." दिसायचंही तसंच. मी रोज नखभर सरकत होते. ते फोटोत कुणाला दिसणार?

त्यात मालोजीचा हात गुरं सांभाळलेला. दावं ताणलं की जनावराला काचतं, म्हणून ढिलं करायची सवय. सुतळी ताणलेली दिसली की हा बाबा गाठ सोडून ती पुन्हा सैल बांधायचा! असा राग यायचा मला. अरे, तीच तर माझी हाक होती.

त्याची बायको बनुबाई अक्षदाला म्हणायची, "भात पोटरीत आलंय, आता लोंब्या बाहेर पडतील. आता घर सोडून कुठं जायाचं, गो?"

चाळीसाव्या दिवशी अक्षदा माझ्याशेजारी दगडावर बसली. सगळे फोटो एकापाठोपाठ लावून तिनं अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ केला आणि आजोबापुढे धरला. त्यात मी चालत होते. जोडीदारणीला मागे टाकून, उतारानं, थेट वाडीच्या रोखानं.

"आयला, ही तर पळतेय!" मालोजी ओरडला. चाळीस दिवस डोळ्यांसमोर असून जे दिसलं नाही, ते त्याला अर्ध्या मिनिटात दिसलं. दिवस मावळायच्या आत माणसं आणि गुरं डोंगराखालच्या कापडे गावात गेली.

त्याला आज सहा दिवस झाले. त्यानंतर माझा फोटो कुणी काढलेला नाही.

आणि आता मालोजी एकटाच पायवाटेनं वर येतोय. फोनवर बनुबाईला सांगतोय, "रानडुकरं शिरलीत भातात. दोन दिस राखणीला ऱ्हातो. अगो, फोटो बघूनच निघालोय. भेग हातभरच हाय."

मालोजी, तो फोटो सहा दिवसांपूर्वीचा आहे. त्यात मी ताठ उभी आहे, म्हणून तुला वाटतं डोंगरही तिथेच थांबलाय. नाही रे थांबला. सुतळी परवाच तुटली. मी आडवी होऊन अर्धी भेगेत लोंबकळतेय आणि माझ्याखालून खडे सुटतायत.

मला भीती वाटतेय. माझी नाही, तुझी.

माझ्या अगदी खालच्या तुझ्या अंगणात आलास. कुलूप नंतर काढ. आधी तो मोबाइल खिशात घाल आणि नुसती मान वर कर. फोटोतल्या जागी मी नाही. एवढं दिसलं की पळ, मालोजी. भाताकडे वळूनसुद्धा बघू नकोस.