नव्याला शाल मिळाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. तुमच्या घरातल्या दिव्याचं बटण नव्हे हं. मी पत्र्याचा चपटा डबा आहे. समोर चोवीस भोकं, प्रत्येक भोकात एक केबल आणि प्रत्येक केबलीपाशी एक हिरवा दिवा. विश्रांतवाडीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, बारा महिने थंडगार ठेवलेल्या खोलीत, एका लोखंडी कपाटात माझा मुक्काम आहे. माझ्या खालच्या कप्प्यात नवा स्विच राहतो. त्याच्यामुळेच मला आज ही गोष्ट सांगावी लागते आहे.

माझ्या जन्माबद्दल विशेष काही नाही. कुठल्याशा परदेशी कारखान्यात जुळणी झाली आणि फोममध्ये गुंडाळून मी पुण्यात आलो. खरं आयुष्य सुरू झालं ते नऊ वर्षांपूर्वी, या कपाटात.

त्याआधी पुण्यात काय चालायचं ते ऐका. धायरीतली ऋतिका वारज्यातल्या शेफालीला वहीच्या पानाचा फोटो पाठवायची. दोघींच्या घरांमध्ये अंतर सात-आठ किलोमीटर. पण ऋतिकाकडे इंटरनेट धायरीच्या रंगरावांचं आणि शेफालीकडे वारज्याच्या श्रीधररावांचं. या दोघांच्या केबली एकमेकींना पुण्यात कुठेच भेटत नव्हत्या. मग तो फोटो घाट उतरून मुंबईला जायचा, तिथे मोठ्या कंपन्यांच्या तारांची गाठ पडायची, आणि पुन्हा घाट चढून वारज्यात यायचा. शेजारणीला वाटीभर साखर द्यायला मुंबईमार्गे जावं, तसला प्रकार.

शेवटी शहरातले वीस-बावीस इंटरनेटवाले एकत्र बसले. ठरलं असं, की प्रत्येकाने आपली एक केबल विश्रांतवाडीच्या खोलीत आणायची आणि मधल्या स्विचमध्ये लावायची. आपल्याकडे कुठकुठले पत्ते आहेत ते ज्याने त्याने सांगायचं आणि ती यादी सगळ्यांना मिळायची. फोटो असो वा बोलणं, त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वर पत्ता लिहिलेल्या पाकिटातून जातो; मग धायरीचं पाकीट वारज्याला इथल्या इथे जाणार. या जागेला इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात. आणि तो मधला स्विच म्हणजे मी!

रंगराव आणि श्रीधरराव तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते. एकाने दुसऱ्याची गिऱ्हाइकं पळवली होती. पण माझ्यात त्यांच्या केबली शेजारी-शेजारी लागल्या आणि मालकांची तोंडं दोन दिशांना फिरलेली असताना केबलींची देवाणघेवाण रात्रंदिवस सुरू झाली.

मी कधी कुणाचं पाकीट उघडून पाहिलं नाही. वरचा पत्ता वाचायचा आणि योग्य दारातून पुढे सोडायचं. गर्दी झाली की पाकिटांना रांगेत उभं करायचं. रांगेतही जागा उरली नाही, की पाकिटं टाकून द्यावी लागतात. ती पुन्हा पाठवली जातात, पण तेवढ्यात तुमच्या पडद्यावर गोल चक्र फिरायला लागतं आणि घरोघरी बोटं मोडली जातात. माझ्या उमेदीच्या काळात अशी वेळ क्वचितच आली.

दर खंडेनवमीला रंगराव यायचे. ट्रॅक्टरची पूजा उरकली की हळदकुंकू आणि झेंडूचा हार घेऊन थेट विश्रांतवाडी. हार माझ्या तोंडावर लटकवायचे आणि हात जोडायचे. मला त्याचा काही त्रास नव्हता. माझी श्वासाची भोकं कुशीत आहेत. डावीकडून थंड हवा आत, उजवीकडून गरम हवा बाहेर. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मी त्या एका हाराची वाट पाहायचो.

यंदा श्रावणात नवा आला.

मला त्याचा हेवा वाटला. आडून कशाला सांगू? त्याच्या एका दारातून जेवढी पाकिटं जातात, तेवढी माझ्या दहा दारांतून जातात. नम्रताताई म्हणजे या खोलीच्या मुख्य इंजिनिअर. दर शनिवारी माझ्या अंगावरची धूळ ब्रशने झटकायच्या. तो ब्रश आता खालच्या कप्प्यात फिरू लागला. सगळ्यांच्या जाड केबली नव्याला लागल्या. माझ्यात राहिल्या त्या जुन्या बारीक केबली, अडीअडचणीला असाव्यात म्हणून. दिवे हिरवे, पण आत वर्दळ नाही. पंगतीत पान मांडलेलं आहे आणि वाढपी पुढून निघून जातात, तसं माझं झालं.

त्यात एक दिवस नम्रताताई बुद्धभूषणदादाला म्हणाल्या, "दसरा झाला की सोमवारी जुना काढून टाकू. भंगारवाल्याशी बोलून ठेव."

बुद्धभूषणदादा त्यांचा सहकारी, चंद्रपूरचा. खोलीतल्या गारठ्याने तो सतत हात चोळत असतो. त्याने हात चोळत मान डोलावली. माझ्या नऊ वर्षांचा निकाल एवढ्यात लागला.

खंडेनवमी उजाडली. रंगराव आले. मी मनात म्हटलं, निदान हार तरी माझा. पण त्यांच्या हातात या वेळी तबक होतं. तबकात भला दांडगा हार, नारळ आणि घडी घातलेली जाड लोकरी शाल.

"नवीन पाहुण्याचा सत्कार करायचा हाय," ते म्हणाले. त्यांनी नव्याला हार घातला, पुढे नारळ ठेवला आणि शाल उलगडून त्याच्या तोंडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पांघरली. बुद्धभूषणदादाने फोटो काढले. मला कुंकवाचं बोटसुद्धा लागलं नाही.

नम्रताताई म्हणाल्या, "काका, फोटो झाला. आता शाल काढू या का?"

"लगीच? अहो म्याडम, सत्काराची शाल लगीच काढली तर अपमान हाय त्यो. राहू द्या घटकाभर. कंदी पेढं आणल्यात, खाऊन घेऊ."

ताईंना त्यांचं मन मोडवेना. तिघे बाहेरच्या खोलीत गेले आणि दार लागलं.

आता मी जे सांगणार आहे, ते आजवर कुणालाच ठाऊक नाही. नवा माझ्यासारखा कुशीतून श्वास घेत नाही. तो समोरून घेतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शाल पडताक्षणी मला कळलं, की याचा श्वास कोंडणार. पाच मिनिटांत त्याचे पंखे घरघरू लागले. दहा मिनिटांत माझ्या बुडाला त्याची ऊब लागली. आणि मित्रांनो, मला बरं वाटलं. घे, म्हटलं, घे शाल! मला तोंड नाही, ओरडता आलंच नसतं, ही गोष्ट वेगळी. पण तोंड असतं तरी त्या दिवशी मी गप्पच बसलो असतो. याची मला अजून लाज वाटते.

विसाव्या मिनिटाला नवा जिवाच्या भीतीने स्वतःच बंद पडला. दिवे विझले. आणि त्याच्या दारांतून जाणारं सगळं पुणे माझ्या बारीक केबलींवर येऊन आदळलं.

क्षणभर मला अभिमान वाटला. दुसऱ्याच क्षणी माझ्या रांगा भरल्या. वारजे, धायरी, पाषाण, हडपसर, एकाच वेळी! दहा पाकिटं आली की सहा टाकावी लागत होती. टाकलेली पुन्हा येत होती आणि सोबत नवी आणत होती. सुट्टीची दुपार. कुणी आजीशी व्हिडिओवर बोलत होतं, कुणी मॅच पाहत होतं. सगळीकडे ते गोल चक्र. हे एवढं ओझं खालचा रोज न कुरकुरता वाहत होता. त्याच्या हाराकडे मी पाहत राहिलो, ओझ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

दार धाडकन उघडलं. नम्रताताई धावत आल्या आणि त्यांनी एका झटक्यात शाल ओढली. बुद्धभूषणदादाने हार उतरवला, नव्याला हात लावला आणि हात मागे घेतला. "ताई, चांगलाच तापला आहे. अर्धा तास तरी चालू करता यायचा नाही."

नम्रताताईंनी श्रीधररावांना फोन लावला. "श्रीधरराव, रंगरावकाकांनी सत्काराची शाल पांघरली आणि नवा तापून बंद पडला. तासभर तुमचं सगळं मुंबईमार्गे वळवा. इथे फक्त जुना उभा आहे."

"आणि धायरीकरांचं?" पलीकडून आवाज आला.

"त्यांचं थोडंसं आहे, ते जुन्याला झेपेल."

"वा! म्हणजे गोंधळ त्यांनी घालायचा आणि घाट आम्ही चढायचा?" मग ते म्हणाले, "बरं, वळवतो. पुढच्या सत्काराची पत्रिका तेवढी आधी पाठवा."

त्यांच्यासारख्या आणखी चार मोठ्यांनी आपला ओघ वळवला. माझ्या रांगा हळूहळू हलू लागल्या. उरलेल्या छोट्यांची पाकिटं मी एकेक करून पोहोचवली. अर्ध्या तासात एकही खाली पडू दिलं नाही. मग नवा जागा झाला आणि जाड केबलींचे दिवे हिरवे झाले.

रंगराव कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे होते. "माझ्याच्यानं झालं समदं," ते म्हणाले.

"काका, सत्कारमूर्ती गुदमरले," नम्रताताई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी तेव्हाच काढायला हवी होती."

रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या म्हाताऱ्यानं लाज राखली आज. सोमवारी ह्याला काढू नका, म्याडम."

"नाही काढत. राहू दे तो वरच, पुन्हा अशी वेळ आली तर."

मित्रांनो, माझं भंगारात जाणं असं टळलं. पण गोष्ट इथे संपत नाही. रंगरावांनी शाल उचलली आणि ते माझ्याकडे आले. "मग ही ह्याला पांघरू का?"

ज्या शालीवरून मी नव्यावर जळलो होतो, ती आता माझ्या तोंडाशी आली होती. शालीची दोन्ही टोकं माझ्या कुशीवर येणार होती, बरोबर श्वासाच्या भोकांवर. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, नको. खरंच नको.

"काका!" नम्रताताई ओरडल्या.

रंगराव थबकले. शाल हातात घेऊन इकडेतिकडे पाहू लागले. तेवढ्यात हात चोळणारा बुद्धभूषणदादा त्यांना दिसला. त्यांनी ती त्याच्या खांद्यांवर घातली. "तू घे बाबा. कुडकुडतोयस कवाचा."

ती शाल आता दाराशी खुंटीवर असते. खोलीत येणारा ती पांघरतो आणि जाताना परत अडकवतो. नम्रताताईंनी कपाटावर एक कागदही चिकटवला आहे: "यंत्रांना थंडी वाजत नाही. शाल माणसांनी घ्यावी."

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातल्या त्या लुकलुकत्या इंटरनेटच्या डब्यावर रुमाल, वर्तमानपत्र, शोभेची फुलं काही ठेवू नका. त्याची धूळ तेवढी पुसा. आणि वर्गात कुणा नव्याचं कौतुक होत असेल, तर त्याच्या पाठीवर काय ओझं आहे तेही एकदा बघा.

माझा हेवा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. ब्रश अजूनही आधी खालच्या कप्प्यात जातो आणि मी ते मोजून पाहतो. पण परवा नव्याचे पंखे जरा जोरात फिरू लागले, तेव्हा मी घाबरून दाराकडे पाहिलं. शाल खुंटीवरच होती. मग मला हायसं वाटलं.