सावरीच्या ढोलीतली सात

“आबाजी, तोंड आवरा! पाखरं ऐकत्यात!”

शेजारची हिरू ओरडली तशी मी हातातलं सूप खाली ठेवून कुंपणाशी आले. बघते तर आबाजी तिच्या गुरं नसलेल्या गोठ्याच्या जाळीला नाक लावून ‘मिठू मिठू’ करत उभा, आणि हिरू शेणाच्या हातांनी तशीच त्याच्या अंगावर धावलेली.

“अगं, पोपटाला मिठू नाय म्हनायचं तर काय म्हनायचं?”

“कायबी म्हनायचं नाय. ती रानात जायाची हायती. मानसाच्या बोलन्याची सवय त्यांना नको.”

“रानात जातील नि माज्याच भातावर येऊन बसतील,” असं पुटपुटत आबाजी गेला.

चौक गावाच्या अंगाला, माथेरानच्या पायथ्याशी आमचं गाव. अठ्ठ्याहत्तर साली शिमग्याच्या आधी रस्ता रुंद करायला ओढ्याकाठची जुनी सावर तोडली. झाड आडवं झालं आणि ढोल्यांतून पोपटाची नऊ पिल्लं मातीत सांडली. अंगावर पीस नाही, नुसती लाल कातडी नि चोची. हिरूनं पदर पसरला. दोन त्याच दिवशी गेली, सात उरली.

हरभऱ्याची डाळ भिजवायची, पाट्यावर गंधासारखी वाटायची आणि बोटाच्या टोकानं एकेकाच्या चोचीत घालायची, दिवसातून सहा वेळा. हे सगळं मुक्यानं. हिरूच्या बानं एकदा घरचा बोलका पोपट कीव येऊन सोडला होता. तो रानात गेलाच नाही. दिसेल त्या ओटीवर उतरून ‘पानी दे’ म्हणायचा. चौथ्या दिवशी मांजरानं धरला. आठ वर्षांच्या हिरूला अंगणात त्याची पिसं सापडली होती.

तिचा नवरा धाऊ सीझनला दूध-भाजी डोक्यावर घेऊन माथेरान चढायचा. दुपारी उतरताना उंबराच्या फांद्या आणायचा, गोठ्यात टांगायचा. हिरू पाण्याला नाहीतर करवंदाला गेली की तोच राखण बसायचा.

“वैनी,” हिरू मला म्हणायची, “दुसऱ्यानं मला येड्यात काढलं असतं. ह्ये मानूस हाय म्हनून ही जगली.”

वैशाखात पाखरं गोठ्यातल्या गोठ्यात उडायला लागली. ओढ्यावरची जांभळं पिकली, म्हणजे खायला जवळच. हिरूनं दिवस ठरवला. सकाळी आम्ही पाचसात जण जमलो. आबाजीपण आला. हिरूनं जाळीची दोरी सोडली.

चार पाखरं एका दमात बाहेर पडली. किरर किरर करत गेली ती थेट जांभळीच्या शेंड्यावर. हिरूच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तीन मात्र दांडीवरच बसून राहिली. हिरूनं हात हलवला, फांदी हलवली. एक पाखरू तिच्याकडं मान वाकडी करून बघायला लागलं. मग ते दोनदा खाकरलं आणि म्हणालं, “या सायेब, बसा सायेब!”

ते खाकरणं अख्ख्या गावाच्या ओळखीचं. तोंडातून शब्द काढायच्या आधी धाऊ हटकून तसाच दोनदा खाकरायचा. आबाजी पोट धरून हसला. आम्हीपण हसलो, खोटं कशाला सांगू. मग हिरूचं तोंड बघितलं आणि मी आबाजीला कोपरानं ढोसलं.

“तुमी शिकिवलं?”

धाऊ जमिनीकडं बघत होता. “वरच्या हाटेलात बोलतं पाखरू पायजे हाय. म्यानेजर म्हनला, आन, तुला कायमचा माळी करतो. पावसाळ्यातबी काम. हिरू, किती वर्सं मी त्यो डोंगर चढायचा? गुडघं गेलं माजं.”

“मला इचारायचं व्हतं.”

“तू नाय म्हनली असतीस.”

“म्हंजे तुमाला ठावं व्हतं,” हिरू म्हणाली, “आन तरी केलंत. मी पान्याला गेले की.”

एकएक करून सगळे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवरून आली तर गोठा मोकळा. कोपऱ्यातली भाजीची पाटी नाही, धाऊ नाही. तिनं हंडा उतरवला आणि तशीच डोंगराला लागली. मी मागोमाग. उन्हानं कातळ तापलेला, पाय ठेववत नव्हता.

हाटेलाच्या व्हरांड्यात पितळी पिंजरा टांगला होता, त्यात तिघं. चार पाहुणे खुर्च्यांत बसून त्यांना पेरू दाखवत होते. धाऊ खाकी टोपी घालून झारीनं कुंड्यांना पाणी घालत होता. आम्हाला बघून त्याची झारी थांबली.

“बाई, तुमच्या मालकानंच आणून दिलेत,” मॅनेजर बोलला, तसा नीटच बोलला.

हिरूनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ गेली आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. पाहुणे उठून उभे राहिले. तिन्ही पाखरं बाहेर आली. समोर दरी, दरीत रान, वारा सुटलेला. हिरू कठड्याला धरून उभी. पाखरांनी एक गिरकी घेतली. दोन येऊन धाऊच्या खांद्यावर बसली आणि तिसरं त्याच्या खाकी टोपीवर. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

धाऊ खांबासारखा ताठ उभा राहिला. “हिरू,” म्हणाला, “मला वाटलं नव्हतं गं असं...”

“आता त्यास्नी संबाळा,” हिरू म्हणाली. “मांजरापास्नं जपा.” आणि वळली.

उतरताना एका वळणावर ती दगडावर टेकली. “वैनी, परक्यानं केलं असतं तर मी भांडले असते,” एवढंच बोलली.

धाऊची नोकरी कायम झाली. शनिवारी तो खाली येई. हिरू ताट वाढी, पाणी देई. काही कमी केलं नाही तिनं.

पुढच्या माघात चौकचा एक गाडीवाला टोपली घेऊन आला. पारध्याच्या फासात पाय मोडलेले दोन पोपट. हिरूनं टोपली घेतली आणि आपल्या दारावरून पुढं येऊन माझ्या परसात ठेवली.

“हितं ठेवते वैनी. चालंल?”

“तुजा गोठा मोकळा हाय की.”

“नको. हितंच.”

शनिवार होता. धाऊनं कुंपणापलीकडून बघितलं. कोयता घेऊन आला, म्हणाला, “बांबू लागतील. आनतो तोडून.”

हिरूनं हात पुढं करून त्याच्याकडून कोयता घेतला.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मी आनते.”