भावाचं गाणं
भाऊ गेला त्यानंतर कितीतरी दिवस गायिकेच्या तोंडून सूर निघाला नव्हता. वस्तीतला दवाखाना बंद झाला होता, आणि लांबच्या इस्पितळात नेता नेता तो वाटेतच गेला. मग एका दुपारी वहिनीकडे भांडी विसळताना तिला ओळ सुचली, ‘ये रे, दार उघडंच आहे.’ गाणं झालं, एका गाण्यांच्या कंपनीने ते काढलं, आणि ते गाजलं.

दवाखाना बंद करणारा पुढारी आता निवडणुकीला उभा होता. त्याच्या प्रचाराच्या गाडीवर हेच गाणं वाजत होतं.

“वन्सं, तुम्ही दिलंत?” वहिनीने खिडकी लावून घेत विचारलं.

“वेड लागलंय का मला!”

ती तडक कंपनीत गेली. तिथला मॅनेजर म्हणाला, “हक्क आमच्याकडे आहेत, बाई. कुणाला द्यायचं ते आम्ही बघू.”

प्रचार कार्यालयात मात्र प्रमुखाने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. “ताई, तुमचा आवाज घराघरात पोचतोय. आनंद माना की!”

“माझ्या मेलेल्या भावाचं गाणं आहे ते. तुमच्या साहेबांमुळे गेला तो.”

“चहा घ्या, गार होतोय,” तो म्हणाला.

शेवटी ती सभेलाच गेली. ओळखीचा चेहरा बघून कार्यकर्त्यांनी वाट करून दिली, हाताला धरून स्टेजवर चढवलं. तिने माइक घेतला.

“या माणसाने आमचा दवाखाना...”

माइक बंद झाला. कुणीतरी गाणं लावलं, कान फाटतील एवढ्या आवाजात. ती ओरडत राहिली. खालच्यांना वाटलं, गातेय. सगळे टाळ्यांवर ठेका धरून तिच्यासोबत गायला लागले. पुढारी हसत शेजारी येऊन उभा राहिला. फोटो निघाले.

तो दणक्यात निवडून आला.

भेटेल त्याला ती खरं काय ते सांगत सुटली. लोक ऐकून घ्यायचे, चुकचुकायचे आणि म्हणायचे, “पण गाणं काय झकास आहे हो!”

वहिनीकडे जायला तिचा पाय उचलत नव्हता. गेली तेव्हा वहिनी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

“मी नाही गं दिलं.”

“माहितीये. तुम्ही कशाला द्याल?” वहिनीने घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली. “पण वन्सं, आता ते कानावर पडलं की हे डोळ्यांपुढे येतच नाहीत. त्या मेल्याचंच तोंड दिसतं.”

गायिकेचंही तेच होत होतं.