केसतोड

दोऱ्याचं एक टोक दातांत धरून ताई बँकेतल्या बाईंच्या ओठावर वाकली आणि तिसरा झटका देणार, तोच कानाशी कुणीतरी म्हणालं, "थांब, ताई."

तिने हात थांबवला. बोलणाऱ्या बाई नव्हत्या. वरच्या ओठावरचे केस काढताना गिऱ्हाइकाला जीभ आतून ओठाला लावून कातडी ताणून धरावी लागते, त्यामुळे त्याची बोलती बंद. दोरा दातांत असल्यामुळे काढणारीचीही बंद. गप्पांसाठी नावाजलेल्या त्या पार्लरमध्ये एवढी दोन मिनिटंच काय ती शांतता, आणि नेमक्या त्याच दोन मिनिटांत ते ऐकू यायचं. पार्लर एका खुर्चीचं होतं. तिसऱ्या माणसाला उभं राहायलाही जागा नव्हती.

ताईने दोरा दातांतून सोडला.

"आज राहू द्या. कडेला बारीक पुरळ आहे. ओढलं तर चिघळेल."

बाई आरशात वाकून बघू लागल्या. "मला तर काही दिसत नाही."

"मला दिसतं ना."

"अर्ध्या मिशीची बँकेत पाठवतेस होय मला?"

"चार दिवस मास्क लावा. सर्दी झाली म्हणा."

बाई कुरकुरत गेल्या. चार दिवसांनी त्यांचा फोन येणार हे ताईला ठाऊक होतं. बरं झालं गं थांबलीस, खरंच फोड आला होता, असं म्हणणार. इतक्या वर्षांत तिच्या हातून कुणाच्या चेहऱ्यावर साधी पुटकुळी उठली नव्हती. लोक म्हणत, हाताला गुण आहे. ताई हसून वेळ मारून न्यायची. गुण असलाच तर तो कानाला होता, पण हे सांगायचं कुणाला?

आवाज कुणाचा, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. तो धाकटीचा होता.

धाकटी बहीण सतरा वर्षांची होती तेव्हा. ताई नुकती दोरा धरायला शिकत होती आणि सरावासाठी फुकटचा चेहरा घरात तोच एक होता. दोरा मळका, हात कच्चा. दोन दिवसांत धाकटीच्या ओठाच्या कडेला केसतोड म्हणतात तसला फोड उठला. चौथ्या दिवशी तो फुटलेला दिसला, मग डोळा सुजला, ताप डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत पोरगी हातची गेली. नाकाओठाजवळचा फोड कधी फोडायचा नसतो, तिथून विष थेट मेंदूकडे जातं, असं डॉक्टर सांगत होते, पण तोवर ऐकून उपयोग नव्हता. धाकटीला सारखी नखं लावायची खोड. तिनेच नखाने फोडला असणार, असं घरात ठरलं. आई मरेपर्यंत त्या नखांना बोल लावत राहिली. ताईने तोंडातून ब्र काढला नाही.

म्हणूनच स्वतःच्या लेकीच्या ओठाला तिने कधी दोरा लावला नव्हता.

"सगळ्या गल्लीच्या मिशा काढतेस, आणि घरातली तेवढी राखतेस," लेक त्या संध्याकाळी म्हणाली. "वर्गात मला दादा म्हणतात, माहितीये?"

"म्हणू देत. वय झालं की काढू."

"सतरा झाली की. तू नाही काढलीस तर उद्या बाबांचं रेझर घेते."

पोरगी बोलल्याप्रमाणे करणारी होती. रेझरपेक्षा आपला हात बरा, असं ताईने स्वतःला समजावलं. दोनदा हात धुतले, नवं रीळ फोडलं, पावडर लावली. लेकीने जीभ ओठाला लावली. ताईचा सगळा जीव कानात गोळा झाला होता. एक झटका, दुसरा, तिसरा. जरा जरी चाहूल लागली असती तरी तिने दोरा टाकून दिला असता. पण ओठ पुरा होईतो कानावर काही आलं नाही, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी ओठाच्या कडेला फोड उठला. तिसऱ्या दिवशी दुपारी लेकीला कणकण आली. शेजारणीचा निरोप येताच ताईने पार्लर बंद करायला घेतलं. भीती होतीच, पण भीतीपेक्षा राग मोठा होता.

"एवढ्या परक्या बायकांसाठी बोलत आलीस," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "माझ्या पोरीच्या वेळी जीभ झडली तुझी?"

ताईने कुलूप लावलं आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

लेक पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताईने खांद्याला हात लावला तशी ती वळली. फोड तांबडाबुंद, मधोमध पिवळा ठिपका. ताई नीट बघायला खाली वाकली.

"ताई," लेक म्हणाली.

बोलायला लागल्यापासून तिने आईला आईच म्हटलं होतं.

"ताई, या वेळी सुई नको."

सुईचं कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हाही अशीच दुपार होती. आई बाहेर गेलेली, दाराला आतून कडी, आणि धाकटी नको नको म्हणत असताना तिचं डोकं मांडीवर दाबून धरून ताईने फोडात सुई टोचली होती. नंतर ती धुऊन, पुसून शिवणाच्या डब्यात होती तिथे ठेवली होती.

ताईने दोन्ही हात मागे घेतले.

"नाही गं. मी हात लावत नाही. ऊठ, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचं."

पोरगी निमूट उठली. दाराशी तिला वाकवेना म्हणून ताई खाली बसून तिच्या चपलेचा पट्टा लावू लागली. वरून सहज विचारल्यासारखा, अगदी साधा प्रश्न आला.

"मग तेव्हा का नाही नेलंस?"

पट्टा भोकात बसायला वेळ लागला. ताईने मान वर केली नाही.

"आई रागावेल म्हणून," ती म्हणाली, आणि दुसरा पाय पुढे घेतला.